शुगरची माहिती आपल्या माणसांना कळेल अशी कशी सांगायची? (मदत हवीये)

मंजू_लेस्टरकर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

मी इंग्लंडात लेस्टरला असते, बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच. तिला शुगर बारा वर्षांपासून, बीपी त्याच्याही आधीपासून. सांगलीत होती तेव्हा सगळं तिचं तिला पाठ, उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची किती. इथे आल्यावर आकडेच बदलले. मागच्या महिन्यात सर्जरीतून (इथे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, घाबरू नका) रिपोर्टचं पत्र आलं, मी ऑफिसात. आईने चष्मा लावून पत्र उघडलं, इंग्रजी जेमतेमच पण आकडा तर कळतो, आकडा होता ६४. आता सांगलीच्या डॉक्टरांनी तिच्या डोक्यात पक्कं बसवलेलं की ७०च्या खाली गेली की वाट बघायची नाही, लगेच साखर खायची. तिने गुळाचा खडा खाल्ला, वर ग्लुकोजचं पाणी प्यायली आणि रात्रीची ग्लिक्लाझाइडची (शुगर उतरवणारी) गोळी "आधीच उतरलीये" म्हणून घेतलीच नाही. बरं एक दिवस नाही, तीन दिवस! कारण पत्रात तर अजून ६४च दिसत होतं ना. तिसऱ्या रात्री चारदा बाथरूमला उठली तेव्हा मी खोदून विचारलं आणि हे सगळं बाहेर आलं. मशीन लावलं तर १७.८, म्हणजे आपल्याकडचे ३२०.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ते ६४ म्हणजे एचबीएवनसी, तीच ती तीन महिन्यांची सरासरी शुगर. इथे ते टक्क्यांत देत नाहीत, मिलिमोलमध्ये देतात, आणि ६४ म्हणजे आपले ८ टक्के. म्हणजे जास्तच की. रोजच्या शुगरचंही तेच, इथल्या आकड्याला १८ने गुणलं की भारतातला आकडा येतो. हे एवढं एक वाक्य बारा वर्षांच्या पेशंटला कोणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही सांगितलं नाही, मी धरून चालले होते की तिला माहीत असेल.

मी सर्जरीला रागारागाने मेल लिहिला. नर्स भली निघाली, तिने फोन करून सॉरी म्हटलं आणि म्हणाली आम्ही साउथ एशियन पेशंटसाठी माहितीपत्रक करतोय, बघशील का. मसुदा आला. कव्हरवर साडीतली हसरी बाई, आत तेच सगळं जे गोऱ्यांच्या पत्रकात असतं फक्त ब्रेडच्या जागी चपाती. तूप नको, समोसे नको, ब्राउन राइस खा. आई म्हणे, "समोसा मी शेवटचा कधी खाल्ला मलाच आठवत नाही." भाषा गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगाली, हिंदी. मराठी नाही, ठीक आहे, आम्ही इथे मूठभर. हिंदीतलं आईला वाचायला दिलं, त्यात "स्टार्चयुक्त पदार्थ सीमित करें", तर मला विचारते, "स्टार्च साडीला घालतात, खातं कोण?"

तर आता असं ठरलंय की आमच्या मंडळात ज्येष्ठांसाठी पाऊण तासाचा कार्यक्रम आणि दोन पानी कागद, मराठीत. तीसेक जण येतील, बहुतेकांना शुगर नाहीतर बीपी नाहीतर दोन्ही. नर्स येणार आहे, मी दुभाषी. तुमच्या घरी आईवडील नेमके कुठे अडतात? काय सांगितलेलं खरंच अमलात आलं? गुगलवरचं नकोय, ते माझ्याकडे ढीगभर आहे.

तात्या_तर्रीवाले

एवढं काय त्यात. कमी खा, चाला, गोळ्या वेळेवर घ्या. झालं की पत्रक. आमच्या आजीला कोणी असले कागद दिले नव्हते, ९१ वर्षं जगली.

कुंदाचा_गजरा

तात्या, तुमच्या आजीची शुगर कधी कोणी तपासली तरी होती का?

पळीभर_तेल

मंजू, छान धागा. मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, सतराएक वर्षं झाली. पहिली काही वर्षं मीही छापील चार्ट द्यायचे, सकाळी ८ला ओट्स, ११ला सफरचंद वगैरे. पेशंट तो चार्ट इमानेइतबारे फ्रिजला चिकटवायचे आणि जेवायचे मात्र जे रोज जेवतात तेच. चूक माझी होती, त्या चार्टात त्यांचं घर नव्हतंच.

आता मी कोरा कागद देते आणि कालचं ताट काढायला सांगते, जे जिथे वाढलं होतं तिथे. आपल्या ताटाला डावी-उजवी बाजू असते हे शिकवायला इतकं सोयीचं आहे की विचारू नका. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, पोळी-भात मध्ये. मी एवढंच म्हणते की डावी बाजू मोठी करा. कोशिंबीर आपण चमचाभर वाढतो, देवाला दाखवल्यासारखी, ती वाटीभर घ्या. उजवीकडची भाजी दोनदा घ्या, पण बटाट्याची असेल तर ती भाजी नाही, तो भातच समजा. आमटी जरा दाट करा किंवा उसळ करा, कारण वरणाच्या पाण्यात डाळ किती असते ते आपल्याला माहितीये. आणि भात एकदाच. पहिला वरणभात आणि शेवटचा ताकभात, यातला कुठला सोडायचा ते तुम्हीच ठरवा म्हणते. "भात बंद" म्हटलं की पेशंट पुढच्या वेळी येतच नाही, "कुठला भात सोडता" म्हटलं की घासाघीस सुरू होते आणि घासाघीस करणारा माणूस म्हणजे ऐकणारा माणूस.

ज्या गोष्टी माझ्याकडे दर आठवड्याला येतात त्या सांगते, यांना नक्की हात घाला. ज्वारीची भाकरी शुगरला चालते म्हणून लोक अडीच-तीन भाकऱ्या खातात. पिठातलं पिष्ट गव्हाच्या जवळपास तेवढंच आहे, पोट लवकर भरतं एवढाच फायदा, पण मग तो घ्यायचा ना, भरल्यावर थांबायचं ना. गूळ, मध, काकवी, ही सगळी साखरच. सैंधव उपवासाला चालतं म्हणून बीपीलाही चालतं असं खूप जणांना मनापासून वाटतं, ते मीठच आहे. दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट एक चमचा, आणि लोणचं, पापड, खाराची मिरची यांतच त्यातलं बरंच संपतं. त्याच्या उलट टोकाला ते लो सोडियम मीठ, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तेलाचं मी चमच्यात सांगतच नाही, फोडणी कोणी चमच्याने मोजत नाही, पळी आणि अंदाज. मी सांगते माणशी महिन्याला अर्धा लिटर, पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात दोन लिटर वीस तारखेलाच संपलं की बाईंना स्वतःलाच कळतं, मला बोलावं लागत नाही.

आणि व्यायाम हा शब्द वापरू नका, आमच्या पिढीच्या बायकांना तो ऐकला की शाळेतलं पीटी आठवतं. शतपावली म्हणा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची शुगर खरंच कमी चढते आणि हे त्यांच्या सासूबाईंनीच सांगून ठेवलेलं असतं, त्यामुळे पटवावं लागत नाही. फक्त शंभर पावलं पुरत नाहीत एवढं सांगा.

गोळीवाली

मंजूताई, आईंचं वाचून धस्स झालं. मी बर्मिंगहॅमजवळ फार्मसिस्ट आहे, काउंटरवर रोज आपल्याकडचे लोक येतात, मराठी कमी, गुजराती-पंजाबी-मीरपुरी जास्त, पण घोळ सगळ्यांचे सारखेच.

पहिला घोळ उपवासाचा. इथले डॉक्टर विचारतात "डू यू फास्ट?" आणि आजी म्हणतात नो. खोटं नाही बोलत त्या! त्यांच्या डोक्यात फास्ट म्हणजे काहीच न खाणं, आणि उपवासाला तर त्या खातात, साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाटा, रताळं. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर नुसतं पिष्ट, प्रथिनं जवळपास शून्य. म्हणजे उपवासाच्या दिवशी शुगर उतरण्याऐवजी चढतेच आणि डॉक्टरला कळतच नाही की महिन्यातून चार दिवस हे काय होतंय. प्रश्न असा विचारा की एकादशीला, चतुर्थीला, नवरात्रात काय खाता आणि किती वाजता खाता.

किती वाजता हे फार महत्त्वाचं. माझ्याकडे एक काकू येतात त्या संकष्टी चंद्रोदयानंतरच सोडतात. मुंबईत ते दहाच्या आत आटपायचं, इथे जून-जुलैत चंद्र साडेअकरा-बाराला वर येतो आणि वर ढग. सकाळी ग्लिक्लाझाइड घेतलेली, दिवसभर फक्त चहा. रात्री नऊला हातपाय थरथर, घाम, आणि त्यांना वाटलं देवाची परीक्षा आहे. इथल्या मापात ४च्या खाली गेली (आपले ७२) की उपवास मोडायचा, तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, आणि हे नर्सने सांगून उपयोग नाही, मंडळातल्या गुरुजींकडून वदवून घ्या. गणपती रागावत नाही हे गुरुजींनी म्हटलं की पटतं. ज्यांना शुगरच्या -फ्लोझिनवाल्या गोळ्या चालू आहेत (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) त्यांनी लांबचा उपवास करायच्या आधी विचारायलाच हवं, पण कुठलीच गोळी मनाने मागेपुढे करायची नाही, आईंनी केलं तसं.

दुसरं, शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) असं जमलं की बी१२ जीवनसत्त्व उतरतं. पायाला मुंग्या येतात, लोक म्हणतात शुगरमुळेच असणार. २०२२मध्ये इथल्या औषध नियामकांनीही डॉक्टरांना बी१२कडे लक्ष ठेवा म्हणून कळवलंय. आपली अर्धी मंडळी यात बसतात, कागदावर एक ओळ टाकाच.

तिसरं, "गोळी उष्ण पडते." यावर हसू नका आणि नर्सलाही सांगून ठेवा. याचा अर्थ बहुतेक वेळा पोटात जळजळ किंवा जुलाब होतायत आणि माणसाने गोळी बंद केलीये. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं खरंच, जेवणाबरोबर घेतली किंवा हळूहळू सुटणारी मागितली की बऱ्याच जणांचं भागतं. "उष्ण पडते का?" असं आपणहून विचारलं की लोक भडाभडा बोलतात, "साइड इफेक्ट आहेत का?" विचारलं की नाही म्हणतात. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड याचंही तसंच विचारा, न ओरडता. रस पिऊन वर गोळी म्हणजे शुगर जास्त उतरू शकते, आणि भारतातून आणलेल्या भस्मांमध्ये शिसं निघाल्याच्या केसेस झाल्यात. ओरडलं तर फक्त सांगायचं बंद करतील, प्यायचं नाही.

आणि एक, तुम्ही मंडळात दुभाषी व्हा, पण दवाखान्यात आईंसाठी होऊ नका. सर्जरीने दुभाषी द्यायला हवा, फुकट असतो, बुकिंगच्या वेळी मागा. मुलं भाषांतर करताना वाईट गाळतात आणि आया मुलांसमोर लघवीचं, खाजेचं काही सांगत नाहीत.

बे_एरियातला_बंड्या

वजनाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) २३.८, डॉक्टर म्हणाला परफेक्ट, आणि त्याच वर्षी शुगर निघाली, वय ३६. गोऱ्यांसाठी २५पर्यंत नॉर्मल, आपल्यासाठी धोका २३पासूनच धरतात, अमेरिकेत डायबिटीस असोसिएशनही आशियाई माणसाला २३लाच तपासा म्हणते. कंबर पुरुषांची ९० सेंमी आणि बायकांची ८०च्या आत हवी, आणि ती पँटच्या साइझवरून नाही, बेंबीजवळ टेप लावून.

याच्यावर आपल्याच पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम आहे. त्यांचा आणि डॉ. जॉन युडकिनांचा एक फोटो २००४मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर गोऱ्या युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२. तो फोटो मोठा करून भिंतीवर लावा, "मी तर किती बारीक आहे, मला कसली शुगर" म्हणणाऱ्या काकांसाठी. मी पण तसलाच काका होतो.

तात्या_तर्रीवाले

बंड्या, आत्ता टेप लावून बघितली. ९८. जाऊदे.

सासरची_सून

तुमच्या कार्यक्रमाला फक्त पेशंट बोलावलेत का? मग अर्धा उपयोग गेला. आमच्याकडे शुगर सासऱ्यांना, क्लासला गेले सासरे, वही भरून नोट्स घेतल्या अगदी सुवाच्य अक्षरात, आणि घरी येऊन माझ्या हातात वही दिली. ते उभ्या आयुष्यात गॅसजवळ गेलेले नाहीत. त्या वहीत लिहिलेलं "भाज्या वाफवून घ्या", आता मला सांगा वाफवलेलं गवार कोण खाईल? त्यांना माझ्या मनाने कुटातली गवार कमी तेलात करून दिली तर बोट चाटून खाल्ली. जो स्वयंपाक करतो त्याला बोलवा, मग ती सून असो, मुलगा असो, डबेवाली असो.

आणि आग्रह! यावर कुठल्याच पत्रकात काही नसतं. सासरे घरी साखर घेत नाहीत, पण रोज संध्याकाळी चार घरी जातात आणि चारी घरी चहा, चारी घरी "अर्धा चमचाच घातलाय हो". नाही म्हणायचं कसं हे शिकवा, तोंडी प्रॅक्टिस घ्या. "मला शुगर आहे" म्हटलं की लोक म्हणतात एका लाडवाने काय होतंय. आमच्याकडे "डॉक्टरांनी शपथ घातलीये" हे चाललं, कारण शपथ मोडायला कोणी सांगत नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारूनच हे ठरवलं, त्या हसून म्हणाल्या घातली समजा.

खडूस_संख्याशास्त्री

सगळे प्रतिसाद छान पण थोडं थंड पाणी ओततो. आपापल्या संस्कृतीला धरून दिलेल्या शिक्षणाने खरंच फरक पडतो का, यावर २०१४मध्ये कॉक्रेनचा (झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा निघालाय, ३३ चाचण्या, सात हजारांवर लोक, वेगवेगळ्या देशांतले अल्पसंख्य, सगळे टाइप २चे. नेहमीच्या शिक्षणापेक्षा सहा महिन्यांनी एचबीएवनसी साधारण अर्धा टक्का जास्त उतरलं. वाईट नाही. पण वर्षभराने तो फरक ०.२वर आला. तेव्हा पाऊण तासाचा एक कार्यक्रम, टाळ्या आणि आभारप्रदर्शन करून काही होणार नाही, दर दोन महिन्यांनी बसा, कमी लोकांत बसा.

दुसरं म्हणजे "साउथ एशियन" या एका पिशवीत दीड-दोनशे कोटी माणसं कोंबलीयेत. सिल्हेटी मासेभात, पंजाबी पराठे आणि आपलं पिठलंभात यांना एकच पत्रक. रमजानसाठी आंतरराष्ट्रीय डायबिटीस फेडरेशनची व्यवस्थित मार्गदर्शिका आहे, २०१६ची आणि मग २०२१ला सुधारलेली, कुणी रोजे धरावेत, कुणी धरू नयेत, गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, सगळं. तुमच्या नर्सने ती पाहिली असेलच, तिच्यावरूनच संकष्टीचं पान बेतायला सांगा, ती तिच्या ओळखीची भाषा आहे. अवांतर, मंजूताई, तुमच्याच लेस्टरात डेसमंड नावाचा शुगरचा वर्ग तयार झालाय, गटात बसून बोलायचा, नुसतं ऐकायचा नाही. भाषण देण्यापेक्षा ती पद्धत उचला.

मंजू_लेस्टरकर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. आईला सगळं वाचून दाखवलं. "डावी बाजू मोठी करा" हे तिला इतकं आवडलं की रात्री मला काकडीची कोशिंबीर भाताएवढी वाढली. सुनेचा मुद्दा एकदम पटला, आता बोलावणं "जोडीने या किंवा जो स्वयंपाक करतो त्याला आणा" असं लिहितेय. काका लोकांना टेपही लावणार, तात्यांचं नाव न घेता.

नर्सला चंद्रोदयाचं सांगितलं, ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली थांब मी लिहून घेते. तिने कबूल केलंय की पत्रात यापुढे ६४च्या शेजारी ८ टक्केही छापतील, निदान ज्यांची औषधं भारतात सुरू झाली त्यांना तरी. बघू. आणि ६४ची गोष्ट आई स्वतः सांगणार म्हणतेय, मी नको म्हटलं तर म्हणे, "गूळ मी खाल्ला, गोष्ट पण मीच सांगणार."

एक अडचण आहे. पळीभरताई, तुम्ही वाटीभर म्हणता ते म्हणजे किती? काल आमच्याच घरातल्या वाट्यांत पाणी भरून मोजलं, एक निघाली १२० मिलिलिटरची आणि आईने सांगलीहून आणलेली पितळेची २१०ची. आई त्या पितळेच्याच वाटीने भात मोजते.

पळीभर_तेल

हा हा, ही वाटी प्रत्येक घरात असते. आम्ही क्लिनिकमध्ये १५० धरतो. पण तुम्ही आकडा छापू नका, सगळ्यांना आपापली रोजची वाटी पिशवीत घालून आणायला सांगा आणि तिथेच मापाने पाणी भरून नेलपॉलिशने आतून रेघ मारून द्या. पितळेचीला पण.